यादी नसली तरी बंदूक जाते

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्यात मार्टिन्सबर्ग नावाचे एक शहर आहे. गुन्ह्यात सापडलेले पिस्तूल मुळात कोणी विकत घेतले होते, हे त्या देशातल्या कुठल्याही पोलीस ठाण्याला हवे असेल तर चौकशी तिथल्या केंद्र सरकारी शोध केंद्राकडे जाते. तिथला कर्मचारी आधी कारखान्याला विचारतो. कारखाना घाऊक व्यापाऱ्याचे नाव देतो, व्यापारी दुकानदाराचे, आणि दुकानदार कपाटातला कागदी अर्ज काढून खरेदीदाराचे नाव वाचून दाखवतो. दुकान बंद पडले असेल तर त्याची दप्तरे खोक्यांत भरून आधीच मार्टिन्सबर्गला येऊन पडलेली असतात. मग ती उपसायची. कागदांच्या प्रतिमा संगणकावर आहेत, पण मालकाचे नाव टाकून शोध घेण्याची सोय नाही. ती मुद्दाम ठेवलेली नाही. १९८६ च्या कायद्याने अमेरिकी केंद्र सरकारला बंदुकांची किंवा त्यांच्या मालकांची मध्यवर्ती नोंदवही तयार करायला मनाई केली. तेव्हा हा सरकारी गलथानपणा नव्हे. संसदेने विचारपूर्वक जपलेले अज्ञान आहे.

या अज्ञानामागचा सिद्धांत चार शब्दांत सांगता येतो: आज नोंद, उद्या जप्ती. सरकारला एकदा कळले की कोणाच्या घरात काय आहे, की ते उचलून न्यायला फक्त लहर फिरण्याचा अवकाश. हे मत आता अमेरिकेपुरते राहिलेले नाही. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथल्या बंदूकधारकांच्या संघटना तेच म्हणतात, आणि आपल्याकडच्या परवानाधारकांतही ते ऐकू येते. मराठी वाचक बहुधा ‘अमेरिकेचे खूळ’ म्हणून पान उलटतो. मला तसे करवत नाही, कारण हा पूर्वपक्ष दिसतो त्याहून भक्कम आहे, आणि त्याला थट्टेने दिलेले उत्तर म्हणजे उत्तर नव्हेच.

त्याच्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा न्यूयॉर्क शहराचा. १९६७ साली शहराने रायफली आणि शॉटगन यांची नोंद सक्तीची केली. हेतू एवढाच की पोलिसांना माहिती असावी. १९९१ साली महापौर डेव्हिड डिंकिन्स यांच्या कारकिर्दीत काही प्रकारच्या स्वयंभरणी रायफलींवर शहरात बंदी आली, आणि ज्यांनी कायदा पाळून नोंद केली होती त्यांनाच सूचना गेल्या: शस्त्र जमा करा, निकामी करा किंवा शहराबाहेर न्या. ज्यांनी नोंद केलीच नव्हती त्यांच्या दारात टपाल आले नाही. प्रामाणिक माणसाला शिक्षा आणि लबाडाला सूट, ही तक्रार इथे खोटी म्हणता येणार नाही.

दुसरा पुरावा बर्लिनचा, आणि तो नेहमी चुकीच्या रीतीने दिला जातो. हिटलरने शस्त्रे नोंदवून घेतली आणि जनतेला निःशस्त्र केले, असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात परवाना पद्धत आली ती त्याच्या आधीच्या वायमार प्रजासत्ताकाच्या १९२८ च्या कायद्याने. नाझींच्या मार्च १९३८ च्या कायद्याने तर सर्वसाधारण जर्मन माणसासाठी बंधने सैल केली: लांब नळीच्या बंदुकांना खरेदी परवान्याची गरज उरली नाही आणि पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना सवलती मिळाल्या. निःशस्त्र केले ते ज्यूंना. नोव्हेंबर १९३८ च्या ज्यूविरोधी हिंसाचाराच्या आधीच बर्लिनच्या पोलिसांनी ज्यूंची शस्त्रे गोळा केली होती, आणि ११ नोव्हेंबरच्या आदेशाने ज्यूंना शस्त्र बाळगण्याची सरसकट मनाई झाली. त्या कामी परवान्यांची जुनी दप्तरे पोलिसांना उपयोगी पडली, हे मान्य करायला हवे. पण ज्या राजवटीने जनगणनेपासून धर्मस्थळांच्या वह्यांपर्यंत प्रत्येक कागद माणसे हुडकण्यासाठी वापरला, तिच्या हातातून एक वही काढून घेतल्याने काय वाचले असते, याचे उत्तर पूर्वपक्षाने द्यायचे आहे. ते मला कुठे मिळालेले नाही.

एवढे मान्य करून आता न्यूझीलंडकडे वळू. ‘नोंद म्हणून जप्ती’ हा कार्यकारणसंबंध खरा असेल तर उलटही दिसायला हवे: नोंद नाही तिथे जप्ती होऊ नये. नैयायिक याला व्यतिरेक म्हणतात. न्यूझीलंडने हा प्रयोग नकळत करून ठेवला आहे, आणि पुरता छत्तीस वर्षांचा.

१९२० च्या आर्म्स अ‍ॅक्टने त्या देशात बंदुकांची नोंद सुरू झाली. महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांसोबत शस्त्रे आली होती, रशियात क्रांती झाली होती, संपांच्या आठवणी ताज्या होत्या. सरकार धास्तावलेले होते. शॉटगन १९३० मध्ये नोंदीतून वगळल्या गेल्या, पण रायफलींची नोंद चालू राहिली. पुढे साठ-सत्तरच्या दशकांत पोलिसांनीच वह्या तपासल्या तेव्हा चुकाच चुका निघाल्या. माणूस गाव सोडून गेलेला, बंदूक तिसऱ्याच्या घरात, कोणी मेला तरी नाव तसेच. पोलिसांचे म्हणणे पडले की या कारकुनीत वेळ घालवण्यापेक्षा माणूस पारखावा. म्हणून १९८३ च्या कायद्याने रायफलींची नोंद बंद झाली आणि परवाना माणसाला देण्याची पद्धत आली. एकदा माणूस योग्य ठरला की तो किती रायफली घेतो, कोणाला विकतो, हे सरकार विचारणार नाही. तो परवाना सुरुवातीला आजन्म होता. पिस्तुलांची नोंद मात्र चालूच राहिली.

बंदूकधारकाला हवी ती सारी व्यवस्था इथे होती. १९९० साली आरामोआना गावात एका माणसाने १३ जणांना मारले, तेव्हा १९९२ मध्ये लष्करी घडणीच्या स्वयंभरणी रायफलींचा वेगळा वर्ग करून फक्त त्यांची नोंद ठेवायचे ठरले आणि परवान्याची मुदत दहा वर्षांवर आली. १९९७ साली निवृत्त न्यायमूर्ती सर थॉमस थॉर्प यांनी सरकारसाठी सविस्तर अहवाल लिहिला आणि सर्वच बंदुकांची नोंद पुन्हा सुरू करा असे सांगितले. अहवाल कपाटात गेला. संघटनांनी तो हक्कांचा विजय मानला.

१५ मार्च २०१९ रोजी ख्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत ५१ माणसे मारली गेली. मारेकऱ्याकडे साधा परवाना होता. त्याने बंदुका कायदेशीर मार्गाने घेतल्या होत्या, आणि मोठ्या क्षमतेची मॅगझिने लावून त्या लष्करी वर्गातल्या केल्या होत्या. मॅगझिन विकत घ्यायला त्या वेळी परवाना लागत नसे. सहाव्या दिवशी पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी बहुतेक स्वयंभरणी रायफलींवर बंदी जाहीर केली. १० एप्रिलला संसदेत विधेयक ११९ विरुद्ध १ मतांनी संमत झाले. जुलै ते डिसेंबर या काळात मैदाने आणि सभागृहे भाड्याने घेऊन सरकारने ५६ हजारांहून जास्त बंदुका मोबदला देऊन परत घेतल्या आणि मोडीत काढल्या.

छत्तीस वर्षे सर्वसाधारण रायफलींची नोंदवही नव्हती. ती नसताना, एका लोकशाही देशात अतिशय झपाट्याने जप्ती झाली. जप्ती घडवली ती एका हत्याकांडाने, बदललेल्या लोकमताने आणि संसदेतल्या जवळपास एकमुखी बहुमताने. यांतल्या एकालाही यादी लागली नाही. ऑस्ट्रेलियात १९९६ साली पोर्ट आर्थरच्या हत्याकांडात ३५ जण मेले, त्यानंतर सुमारे साडेसहा लाख बंदुका परत घेतल्या गेल्या. टास्मानिया आणि क्वीन्सलँड या राज्यांत तोवर लांब नळीच्या बंदुकांची नोंद होत नव्हती. तिथल्याही बंदुका गेल्याच.

यादी नसल्याने फरक पडला तो वेगळ्या ठिकाणी. बंदी घातलेल्या बंदुका देशात किती आहेत, याचे न्यूझीलंड सरकारकडचे अंदाज इतके ताणलेले होते की खालचा आकडा वरच्याच्या निम्माही भरत नव्हता. योजना संपल्यावर तिथल्या महालेखापरीक्षकांनी स्पष्ट लिहिले की एकूण किती होत्या हेच ठाऊक नाही, म्हणून योजना कितपत यशस्वी झाली तेही सांगता येत नाही. परिणाम असा की ज्याने आपली रायफल दिली तो आणि ज्याने माळ्यावर लपवली तो, दोघेही शेजाऱ्यांच्या नजरेत सारखेच संशयित राहिले. ‘मी दिली’ हे सिद्ध करायला पावती आहे. ‘माझ्याकडे अजून एक नाही’ हे सिद्ध करायला काहीच नाही. यादी नसण्याचा भार असा प्रामाणिक माणसाच्याच खांद्यावर येतो. जून २०२३ पासून न्यूझीलंडने सर्व बंदुकांची नोंद पुन्हा सुरू केली आहे.

आता अन्वयाची बाजू. नोंद आहे, दीर्घकाळ आहे, आणि जप्ती नाही, असे उदाहरण हवे तर ते अमेरिकेतच आहे. दारूबंदीच्या काळातल्या टोळीयुद्धांनंतर १९३४ साली केंद्राने मशीनगन, आखूड नळीच्या बंदुका आणि सायलेन्सर यांची नोंद सक्तीची केली. ती नोंदवही आजही चालू आहे. १९८६ मध्ये नव्या मशीनगन नागरिकांसाठी बंद झाल्या, पण त्याआधी नोंदलेल्या आजही कायदेशीरपणे विकल्या जातात आणि त्यांना हजारो डॉलर मोजणारे लोक आहेत. नोंदीने मालकी बुडवली नाही. नोंद हाच मालकीचा दाखला झाला आणि त्या दाखल्यालाच भाव आला.

आपल्याला हे समजायला अवघड नाही. रस्त्यासाठी जमीन घ्यायची ठरली की सरकार ती सातबारा असलेल्याचीही घेते आणि नसलेल्याचीही. भरपाईच्या रांगेत उभे राहायला मात्र सातबारा लागतो.

पूर्वपक्षाचे दुसरे शस्त्र जास्त लोकप्रिय आहे: गुन्हेगार थोडाच नोंद करायला येणार आहे? हा युक्तिवाद एकदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि विलक्षण रूपात जिंकला. १९६८ च्या हेन्स खटल्यात न्यायालयाने ठरवले की ज्याने शस्त्र बाळगणेच गुन्हा आहे त्याला ते नोंदवायला लावणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणे होय, आणि राज्यघटना त्याला त्यापासून संरक्षण देते. म्हणजे नोंद न केल्याची शिक्षा सज्जनाला, गुन्हेगाराला नाही! बंदूकप्रेमी हा निकाल अजून चवीने सांगतात. त्याच वर्षी संसदेने कायदा दुरुस्त केला, नोंदीची जबाबदारी बनवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर टाकली, आणि १९७१ मध्ये त्याच न्यायालयाने दुरुस्त कायदा वैध ठरवला, हे मात्र सांगायचे राहून जाते.

त्या दुरुस्तीतच उत्तर आहे. गुन्हेगार नोंद करायला येणार नाही हे उघड आहे. नोंद त्याच्यासाठी नसतेच. जवळजवळ प्रत्येक कारखानी बंदूक जन्माला कायदेशीरच येते. कुठेतरी, कोणाच्या तरी हातून, ती कायद्याच्या बाहेर जाते: कोणी चोरतो, कोणी दुसऱ्याच्या नावावर घेऊन पुढे देतो, कोणी हरवली म्हणतो. नोंद असते त्या वळणावर नजर ठेवायला. दहा पिस्तुले घेऊन दहाही ‘हरवणारा’ माणूस यादीशिवाय दिसत नाही. हे मर्यादित काम आहे. गावठी कट्ट्याला ते लागू नाही, सीमेपलीकडून आलेल्या मालालाही नाही. २०२० मध्ये कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात २२ जणांना मारणाऱ्याकडे परवानाच नव्हता आणि त्याच्या बऱ्याच बंदुका अमेरिकेतून चोरून आणलेल्या होत्या. कुठल्याही नोंदवहीने त्याला अडवले नसते, आणि अडवले असते असे कोणी म्हणू नये.

कॅनडाचे नाव निघालेच आहे, तर ‘तिथे नोंद फसली’ या दाखल्याकडेही बघू. तो सगळीकडे शेवटचा हुकमी पत्ता म्हणून टाकला जातो. ६ डिसेंबर १९८९ रोजी माँट्रियलच्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये १४ तरुणींना त्या स्त्रिया आहेत म्हणून मारले गेले. त्यातून उठलेल्या चळवळीने १९९५ चा फायरआर्म्स अ‍ॅक्ट आणला. पिस्तुलांची नोंद कॅनडात १९३४ पासून होतीच; आता प्रत्येक रायफल आणि शॉटगनही नोंदवायची होती. सांगितले गेले की खर्च ११ कोटी ९० लाख डॉलर, शुल्क वजा जाता सरकारवर बोजा फक्त २० लाखांचा. डिसेंबर २००२ मध्ये महालेखापरीक्षक शीला फ्रेझर यांनी सांगितले की २००४-०५ पर्यंत खर्च १०० कोटींच्या पलीकडे जाईल आणि संसदेला याची धड कल्पनाच दिलेली नाही. घोटाळा खरा होता, आणि ज्यांनी तो केला त्यांनी या कल्पनेचे जेवढे नुकसान केले तेवढे कुठल्याही संघटनेला जमले नसते.

पण त्या १०० कोटींत काय होते? परवाने देणे, माणसांची पार्श्वभूमी तपासणे, पुन्हा पुन्हा बदललेली संगणक व्यवस्था, विरोध शमवण्यासाठी माफ केलेली शुल्के. २०१० मध्ये कॅनडाच्या केंद्रीय पोलीस दलाच्या मूल्यमापनात लांब बंदुकांच्या नुसत्या नोंदीचा वर्षाचा खर्च ११ ते ३६ लाख डॉलर इतकाच निघाला. अवाढव्य खर्च होऊन गेला होता. चालू ठेवायला किरकोळ लागणार होता. त्याच वर्षी नोंद रद्द करण्याचे विधेयक १५३ विरुद्ध १५१ अशा दोन मतांनी पडले, आणि २०१२ मध्ये दुसरे विधेयक संमत झाले. कॅनडातल्या पोलीसप्रमुखांची संघटना नोंद ठेवा म्हणत होती, आणि त्यांचे कारण हवेतले नव्हते. २००५ साली अल्बर्टातल्या मेयरथॉर्पजवळ चार पोलीस मारले गेले. मारेकरी तिथेच मेला, पण त्याच्यापाशी सापडलेल्या नोंदणीकृत रायफलीच्या धाग्याने तपास त्याला मदत करणाऱ्या दोघांपर्यंत पोचला.

२०१२ मध्ये नुसती नोंद थांबवली नाही, आधीच्या लाखो नोंदी नष्ट केल्या. क्वेबेक प्रांताने आपल्यापुरती माहिती मागितली. सर्वोच्च न्यायालयात २०१५ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी तो हरला आणि पुढे त्याने स्वतःची नोंद उभारली. वही जाळली, भय गेले, असे संघटनांना वाटले. आठ वर्षांनी, १ मे २०२० रोजी, नोव्हा स्कोशियाच्या हत्याकांडानंतर दोन आठवड्यांच्या आत मंत्रिमंडळाच्या एका आदेशाने सुमारे दीड हजार मॉडेलांवर बंदी आली. त्यांतली काही आधीपासून निर्बंधित, म्हणजे नोंद लागणाऱ्या वर्गात होती, म्हणून त्यांचे मालक सरकारला माहीत होते. इतर अनेकांचे नव्हते. बंदी सर्वांवर सारखीच लागली. मालकाकडून परत कशा घ्यायच्या हे ठरेना, म्हणून मालकांना कारवाईतून दिलेल्या माफीची मुदत वर्षानुवर्षे वाढत गेली, आणि तोवर लोक वापरताही येत नाहीत नि विकताही येत नाहीत अशा बंदुका कपाटात कुलूपबंद ठेवून बसले. व्यतिरेकाचे हे दुसरे उदाहरण आहे, आणि पहिल्याहून झणझणीत.

पूर्वपक्षाची एक तक्रार मात्र मी पुरी मान्य करतो, आणि नवल म्हणजे तो तिच्यावर सर्वांत कमी बोलतो. ती गुप्ततेची. डिसेंबर २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या उपनगरातल्या एका वर्तमानपत्राने पिस्तूल परवानाधारकांची नावे आणि पत्ते नकाशावर छापले; घर फोडणाऱ्याला याहून चांगली भेट कोणती? जून २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या न्याय खात्याच्या संकेतस्थळावरून जवळपास दोन लाख परवानेवाल्यांची खासगी माहिती उघडी पडली. यात कोणाचीही बंदूक जप्त झाली नाही, पण माणसे उघडी पडली. लढायचे तर इथे: वही कोण उघडतो, कशासाठी, उघडल्याची नोंद राहते का, आणि फुटली तर जबाबदार कोण. संघटना ही लढाई सोडून वहीच नको म्हणून बसतात, आणि मग वही होते तेव्हा तिला कुलूप कसले असावे हे ठरवायला त्यांच्यापैकी कोणी खोलीत नसते.

अमेरिकी बंदूकवादी आपल्या गांधीजींनाही साक्षीला बोलावतात. ब्रिटिशांच्या शस्त्रकायद्याला दोष देणारे त्यांचे वाक्य तिकडे भित्तीपत्रकांवर फिरते. ते १९१८ साली खेडा जिल्ह्यात ब्रिटिश सैन्यात भरती व्हा असे सांगणाऱ्या पत्रकातले आहे, हे तिथे लिहिलेले नसते. ते असो. लिटनच्या काळातला १८७८ चा तो कायदा निंद्य होता यात वाद नाही, आणि काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच त्याविरुद्ध ठराव केला होता. पण तो निंद्य कशामुळे होता? युरोपीय आणि अँग्लो-इंडियन माणसाला सूट होती. देशी माणसाला अर्ज करून साहेबाच्या मर्जीची वाट पाहावी लागे. हक्क खाल्ला तो वर्णभेदाने आणि मोकाट मर्जीने. नावे कुठल्या वहीत लिहिली होती हे त्यात गौण आहे.

ती मर्जी आपण पुरती टाकलेली नाही. आज भारतात प्रत्येक परवान्याला राष्ट्रीय माहितीकोशातला क्रमांक आहे, म्हणजे नोंद जवळपास पूर्ण. २०१९ च्या दुरुस्तीत तीनऐवजी एकच शस्त्र ठेवू द्यायचा प्रस्ताव होता. खासदारांनी विरोध केला आणि मर्यादा दोनवर स्थिरावली. तिसरे शस्त्र जमा करावे लागले, आणि यादी हाताशी होती हेही खरे. पण एकाचे दोन झाले ते सभागृहातल्या भांडणामुळे. कोकणातल्या शेतकऱ्याचे दुखणे आणखी साधे आहे. त्याचा परवाना शेती संरक्षणाचा. विधानसभेच्या निवडणुका आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात, भात कापणीला आलेले असते, रात्री डुकरे शेतात घुसतात, आणि नेमकी तेव्हाच बंदूक पोलीस ठाण्यात जमा करण्याची सूचना येते. सरसकट, कारण न देता. याविरुद्ध गोव्यातल्या एका परवानाधारकाने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. २००९ मध्ये न्यायालयाने सांगितले की असे सरसकट चालणार नाही. छाननी समितीने प्रत्येकाचा विचार करावा. जामिनावर सुटलेला, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेला, निवडणुकीत दंगलीत सापडलेला, अशांकडूनच शस्त्र मागावे, आणि मागताना नोटीस द्यावी. निवडणूक आयोगाने त्यानुसार सूचना काढल्या. त्या अजून अनेक ठिकाणी पाळल्या जात नाहीत, आणि परवानाधारक दर निवडणुकीला पुन्हा न्यायालयाची पायरी चढतात. पण हा निकाल अमलात आणायचा तर समितीपुढे आधी काय लागते? कोणाकडे कोणते शस्त्र आहे, त्याचा पूर्वेतिहास काय, परवाना कशासाठी दिला, याची नीट ठेवलेली नोंद. ती असेल तरच डुकरे राखणारा आणि दंगलीतला आरोपी वेगवेगळे काढता येतात. नसेल तर ठाणेदार दोघांनाही एकच नोटीस धाडतो.